गोळी मिळते, ऐकणारा मिळत नाही

2017 मध्ये धायरी पुणे महापालिकेत आली. त्याच वर्षी मानसिक आरोग्यसेवा कायदा झाला आणि मानसिक उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरला. पण शाळेत पालक आम्हाला सांगतात ते वेगळेच: पाच मिनिटांची तपासणी आणि महिन्याच्या गोळ्या, बस्स.

दोष एकट्या डॉक्टरांचा नाही. 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 12 राज्यांपैकी केरळ वगळता कुठेही लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा नव्हता. रांग लांब असेल तर चिठ्ठी लिहिणे सोपे, ऐकून घेणे अवघड. खासगी समुपदेशन रिक्षावाल्याला, घरकाम करणाऱ्या बाईला परवडत नाही. म्हणजे बोलून होणारा उपचार पैसेवाल्यांचा आणि गरिबाच्या नशिबी फक्त गोळी!

यावर उपाय शेजारच्या गोव्यात सापडतो. तिथे 'संगत' संस्थेने साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवले. नेहमीच्या उपचारासोबत सहा ते आठ भेटी दिल्या. 2017 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार तीन महिन्यांनी 64 टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले. भेटी न मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होते.

औषध वाईट नाही. गंभीर आजारात ते जीव वाचवते, मनानेच बंद करू नये. पण महापालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात एक समुपदेशक हवा, ही मागणी आपण नगरसेवकांकडे लावून धरू. तोपर्यंत टेली-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक घराघरात पोहोचवू या. तिथे मराठीत आणि उर्दूतही बोलता येते.