गर्भाशयमुखाचा कर्करोग : एका शिबिराने भागणार नाही

१ फेब्रुवारी २०२४ रोजी अंतरिम अर्थसंकल्प मांडताना केंद्रीय अर्थमंत्र्यांनी ९ ते १४ वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस देण्यास प्रोत्साहन दिले जाईल, असे जाहीर केले. तेव्हापासून हा आजार आणि त्याची लस घराघरांत बोलण्याचा विषय झाला. पण या चर्चेत एक अख्खी पिढी मागे राहते. ती म्हणजे या मुलींच्या आया, मावश्या आणि आत्या. लस संसर्ग होण्याआधी घेतली तरच तिचा पुरेपूर उपयोग होतो. आधीच झालेला संसर्ग ती बरा करत नाही. आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या स्त्रीला या कर्करोगापासून वाचवणारी मुख्य गोष्ट आहे वेळेवरची तपासणी. आणि नेमकी तीच होत नाही.

जागतिक कर्करोग नोंदींच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा कर्करोग होतो आणि जवळपास ८० हजार जणी त्याने दगावतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी केवळ १.९ टक्के स्त्रियांनी या आजाराची तपासणी आयुष्यात एकदा तरी करून घेतल्याचे आढळले. म्हणजे शंभरात दोघीही नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०३० साठी ठेवलेले उद्दिष्ट आहे शंभरात सत्तर.

रायगडच्या किनाऱ्यावरून पाहिले तर हे अंतर अधिकच खुपते. कर्करोगावरील देशातील एक अग्रगण्य केंद्र, टाटा स्मारक केंद्राचे ‘अ‍ॅक्ट्रेक’, याच जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यात, खारघरला उभे आहे. आणि कमी खर्चात हा आजार कसा रोखावा, याचे जगभर वापरले जाणारे पुरावे महाराष्ट्रातच तयार झाले आहेत.

कर्करोगाआधीची पंधरा-वीस वर्षे

हा कर्करोग बहुतेक वेळा ‘ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस’ म्हणजे एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून होतो. हा विषाणू लैंगिक संबंधातून पसरतो आणि तो इतका सर्वत्र आहे की वैवाहिक आयुष्य जगणाऱ्या बहुसंख्य स्त्री-पुरुषांना कधी ना कधी त्याचा संसर्ग होतोच. त्यामुळे या आजाराचा कोणाच्या चारित्र्याशी संबंध जोडणे चुकीचे आणि अन्यायाचेही आहे.

बहुतेक संसर्ग एक-दोन वर्षांत शरीर स्वतःच परतवते. काही थोड्या स्त्रियांमध्ये मात्र विषाणूचे घातक प्रकार, विशेषतः १६ आणि १८ क्रमांकाचे, गर्भाशयमुखाच्या पेशींत ठाण मांडतात. पेशी हळूहळू बदलू लागतात. निरोगी स्त्रीमध्ये या बदलांचा कर्करोग होण्यास साधारण पंधरा ते वीस वर्षे लागतात. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती घटलेली असेल तर पाच ते दहा वर्षेही पुरतात. या काळात काही दुखत नाही. पण नेमक्या याच काळात बदललेला भाग सापडला, तर तो गोठवून किंवा उष्णतेने नष्ट करता येतो. त्यासाठी सहसा पोट उघडावे लागत नाही, गर्भाशय काढावे लागत नाही.

उस्मानाबाद आणि मुंबईने काय शिकवले

तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ मध्ये एक मोठा अभ्यास सुरू झाला. टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ५२ गावगटांतील ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचे चार गट केले. एका गटाला एचपीव्हीची तपासणी, दुसऱ्याला पॅप स्मिअर, तिसऱ्याला ‘व्हीआयए’ तपासणी देण्यात आली. व्हीआयएमध्ये गर्भाशयमुखाला व्हिनेगरसारखे सौम्य द्रावण लावून, मिनिटभर थांबून, पांढरा डाग उमटतो का हे डोळ्यांनी पाहतात. चौथ्या गटाला नेहमीच्याच सेवा आणि आजाराची माहिती मिळाली.

आठ वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. चौथ्या गटात या कर्करोगाने ६४ मृत्यू झाले होते. एचपीव्ही तपासणीच्या, थोड्या मोठ्याच असलेल्या गटात ३४. म्हणजे आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पॅप स्मिअर आणि व्हीआयए एकदाच केल्याने मात्र मृत्यूंत ठोस घट दिसली नाही.

मग व्हीआयए निरुपयोगी आहे का? त्याचे उत्तर मुंबईच्या वस्त्यांतून मिळाले. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून तेथील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या महिलांना चार आठवडे प्रशिक्षण देऊन व्हीआयए शिकवण्यात आले. ही तपासणी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा झाली. बारा वर्षांनंतर मृत्यूंचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटलेले आढळले. २०१३ मध्ये डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी शिकागोच्या कर्करोग परिषदेत हे निष्कर्ष मांडले.

दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले की एक गोष्ट लख्ख दिसते. डोळ्यांनी करायची साधी तपासणी कामाची आहे, पण ती ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा व्हायला हवी. एकदाच तपासायचे असेल, तर तपासणी एचपीव्हीची हवी. एखाद्या दिवसाचे शिबिर, फलक, छायाचित्र आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याच गावात तोच सोहळा, या पद्धतीमागे कुठल्याच अभ्यासाचा आधार नाही.

या अभ्यासांवर कठोर टीकाही झाली. तुलनेसाठीच्या गटांतील स्त्रियांना तपासणीविना ठेवणे नैतिक होते का, हा प्रश्न जगभर विचारला गेला. प्रश्न रास्त आहे. आणि म्हणूनच त्या स्त्रियांमुळे मिळालेले उत्तर अहवालात पडून राहणे अधिक लाजिरवाणे आहे.

किनाऱ्यावर साखळी कुठे तुटू शकते

सरकारी आराखड्यानुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची पाच वर्षांतून एकदा व्हीआयए तपासणी व्हायला हवी. आशा सेविकेने घरोघरी जाऊन माहितीचा अर्ज भरायचा, उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करायची, डाग दिसला तर पुढे पाठवायचे. कागदावर साखळी पूर्ण आहे. तिची एक कडी तुटली, तरी आधीचे सारे काम वाया जाते.

श्रीवर्धन, म्हसळा किंवा मुरूडच्या एखाद्या वाडीतील स्त्रीला ‘अलिबागला जा’ किंवा ‘खारघरला दाखवा’ असे सांगणे सोपे आहे. तिच्यासाठी त्याचा अर्थ आहे पूर्ण दिवस, एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी, आणि कशासाठी जायचे हे घरात सांगण्याचा संकोच. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. पण कर्करोग होण्याआधीच्या या फेरीचा खर्च तिच्याच पदरात पडतो. शक्य असेल तिथे तपासणीच्याच दिवशी, त्याच ठिकाणी उपचार करण्याचा मार्ग जागतिक आरोग्य संघटनेने म्हणूनच खुला ठेवला आहे.

दुसरा प्रश्न वेळेचा. मासळी विकणारी कोळीण पहाटे बंदरावर आणि नंतर बाजारात असते. तिच्यासाठी सकाळी दहाची वेळ निरुपयोगी आहे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात तिला थोडी उसंत मिळू शकते. पण त्याच दिवसांत शेतावरच्या बायका भाताच्या लावणीत असतात. कातकरी वाड्यांतील अनेक कुटुंबे पावसाळ्यानंतर वीटभट्ट्यांवर निघून जातात. त्यांना गाठायचे तर त्याआधीच. एकाच तालुक्यात तीन वेगळी वेळापत्रके लागतात, आणि ती गावच्या आशा सेविकेला वरिष्ठांपेक्षा चांगली ठाऊक असतात.

तिसरा अडथळा संकोचाचा. एचपीव्ही तपासणीसाठीचा नमुना स्त्री स्वतःही घेऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने या पद्धतीला मान्यता दिली आहे. गोव्यातील मोल्बायो कंपनीने ‘ट्रूनॅट’ यंत्रावर चालणारी एचपीव्ही चाचणी विकसित केली आहे, आणि हे यंत्र क्षयरोगाच्या निदानासाठी सरकारी आरोग्य सेवेत आधीच वापरले जाते. पडदा, टेबल आणि अनोळखी डॉक्टर यांच्या भीतीने मागे राहणाऱ्या स्त्रियांपर्यंत पोहोचण्याचा हा मार्ग किनाऱ्यावर अजमावून पाहण्याजोगा आहे.

भीती आणि ‘पिशवी’

तपासणी नसते तिथे भीतीचा धंदा चालतो. ‘अंगावरून पांढरे जाते, पुढे कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका’ हा सल्ला महाराष्ट्रातील असंख्य स्त्रियांनी ऐकला आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांवरील अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला आणि राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. पांढरे जाण्याची कारणे बहुतेक वेळा साधी आणि औषधांनी बरी होणारी असतात. तपासणीत डाग आढळला तरी तो कर्करोगच असतो असे नाही. कोणी गर्भाशय काढायला सांगितले, तर आधी तपासणीचा अहवाल आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

मुलींसाठी लस

लसीबाबतही महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या ‘सर्व्हाव्हॅक’ला जुलै २०२२ मध्ये परवानगी मिळाली. त्याआधी २००९ मध्ये परदेशी लसीच्या दोन आणि तीन डोसांची तुलना करणारा अभ्यास देशात सुरू झाला होता. बार्शी आणि पुणे ही त्यातील केंद्रे होती. आंध्र प्रदेश आणि गुजरातमधील एका वेगळ्या प्रकल्पात मुलींच्या मृत्यूंवरून वाद उठला आणि २०१० मध्ये सर्वच अभ्यासांतील लसीकरण थांबले. ते मृत्यू लसीमुळे झाल्याचे चौकशीत आढळले नाही, मात्र पालकांची संमती घेण्यातील गंभीर त्रुटी उघड झाल्या. लसीकरण अर्धवट थांबल्याने सुमारे ४,९०० मुलींना एकच डोस मिळाला होता. दहा वर्षांनी पाहिले, तर १६ आणि १८ प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसनेही जवळपास ९५ टक्के संरक्षण दिले होते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही पुरेसा मानला, त्यामागे हा पुरावाही होता. संमतीचा धडा मात्र विसरता येणार नाही. लस देण्याआधी आई-वडिलांना ती समजावून सांगणे हा लसीकरणाचाच भाग आहे.

काय लक्षात ठेवावे

तिशी ओलांडलेल्या स्त्रीने काही त्रास नसतानाही तपासणी करून घ्यावी. दोन पाळ्यांच्या मध्ये, संबंधांनंतर किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त स्राव, ओटीपोटात सततचे दुखणे यांपैकी काही असेल, तर पुढच्या शिबिराची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. लस घेतलेल्या मुलींनीही मोठेपणी तपासणी टाळू नये, कारण लस सर्व घातक प्रकारांना रोखत नाही.

आणि आरोग्य यंत्रणेच्या कामाचे मोजमापही बदलायला हवे. किती शिबिरे झाली, किती जणी आल्या, हे आकडे पुरेसे नाहीत. डाग सापडलेल्या किती जणींवर उपचार पूर्ण झाले आणि ठरल्या वेळी किती जणी पुन्हा तपासल्या गेल्या, हे दोन आकडे तालुकानिहाय जाहीर झाले, तर साखळी नेमकी कुठे तुटते हे दिसेल आणि तिथे दुरुस्ती करता येईल.