सोसायटीचा चार्ज मिळाला, पण संगणकाच्या किल्लीचे काय?

गावच्या विकास सोसायटीचा सचिव बदलला की चार्ज यादी होते. कपाटाच्या किल्ल्या, शिक्के, पावतीपुस्तके, रोजकीर्द, कर्जखतावणी, गोदामातल्या खताच्या गोण्या असे सारे मोजून ताब्यात दिले जाते आणि दोघांच्या सह्या होतात. यादीत 'संगणक संच १' असेही लिहिलेले असते. त्यातल्या हिशेबाचा मुख्य पासवर्ड मात्र जुन्या सचिवाच्या, नाहीतर प्रोग्रॅम बसवून देणाऱ्या तालुक्याच्या पोराच्या डोक्यात राहतो.

एरवी हे चालून जाते, कारण रोजची पावती करायला साधा पासवर्ड पुरतो. अडते ते चुकलेली नोंद दुरुस्त करताना किंवा सगळी माहिती बाहेर काढताना. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये ६३ हजार प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटींची योजना मंजूर केली. सर्वांचे हिशेब एकाच प्रणालीत आणायचे, तर जुन्या संगणकातली सभासदवार बाकी आधी बाहेर निघाली पाहिजे.

तुम्ही म्हणाल, हे सचिवाचं दुखणं, आम्हाला काय त्याचं? पण पीककर्जाची व्याज सवलत भरण्याच्या तारखेवर ठरते. ती तारीख नव्या प्रणालीत चुकीची चढली, तर जुनी पावती शोधत फिरायची पाळी तुमच्यावरच येणार.

अशा वेळी कोणीतरी म्हणतो, 'फॉरमॅट मारून टाकू.' तेवढे मात्र होऊ देऊ नका! आधी सगळ्या फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी. हिशेब एसक्यूएल सर्व्हरवर असेल, तर मार्ग आहे. तो 'सिंगल युजर' पद्धतीने सुरू केला, की त्या संगणकाच्या अॅडमिनिस्ट्रेटरला आत जाऊन नवा प्रमुख वापरकर्ता नेमता येतो. जुना हिशेब अॅक्सेसमध्ये असेल, तर वापरकर्त्यांची खाती, गट आणि पासवर्ड हे बऱ्याचदा 'एमडीडब्ल्यू' नावाच्या वेगळ्या फाइलीत असतात. नुसती मुख्य फाइल उचलून नेली आणि ती मागे राहिली, तर काम अवघड होऊन बसते.

हे काम सचिवाने एकट्याने रात्री बसून करू नये. उद्या बाकीत फरक निघाला, तर बोट त्याच्याकडेच जाईल. संचालक मंडळाचा ठराव करावा, दोन संचालक समोर असावेत, कुलूप उघडण्याआधीच्या प्रतीवर तारीख घालून ती बाजूला ठेवावी आणि लेखापरीक्षकाला लेखी कळवावे.

जुना माणूस पासवर्ड अडवून बसला असेल, तर आधी पत्र द्यावे. बहुतेकदा राग थकलेल्या पगाराचा असतो, तो हिशेब मिटवला की काम होते. तरीही ऐकले नाही तर कायदा आहे. अधिकृत माणसाला संगणक वापरण्यापासून अडवणे हे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ खाली भरपाईला पात्र ठरते. दप्तरात फेरफार होण्याची भीती असेल, तर सहकार कायद्याच्या कलम ८० प्रमाणे निबंधकाला दप्तर जप्तीची पावले उचलता येतात.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायची असते. नोटीस हाती आली की अहवालातल्या नफ्याच्या आकड्याबरोबर एवढेही विचारा : मुख्य पासवर्डचे सीलबंद पाकीट तिजोरीत आहे काय, आणि ते शेवटचे कधी बदलले?