एचएमटीचा भात खाणाऱ्यांनो, मॉडवाल्या पोराचे पन्नास रुपये काहून जड जातात?

धानाचा बोनस, कालव्याचं पाणी, रस्त्यावरचे खड्डे यावर आपण नेहमीच बोलतो. आज गेमवर बोलतो. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

आपल्याकडची पोरं मोबाईलवर ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ खेळतात. इंडोनेशियातल्या एका कंपनीनं २०१७ मध्ये आणलेला गेम. त्यातल्या मूळ गाड्या तिकडच्या. पण आपली पोरं त्यात चालवतात लालपरी आणि शिवशाही. या गाड्या कंपनीनं दिलेल्या नाहीत. आपल्यासारख्याच गावा-शहरातल्या पोरांनी त्या घरी बसून बनवल्या आणि गेममध्ये बसवल्या. अशा जोडभागाला मॉड म्हणतात, कोणी ॲड-ऑन म्हणतात.

माझ्या ओळखीचा एक पोरगा हे काम करतो. घरची शेती इटियाडोहच्या कालव्याखाली. दिवसा बांधीत, रात्री जुन्या लॅपटॉपवर. बसस्टँडवर जाऊन एसटीचे चारही बाजूंनी फोटो काढतो, खिडक्या मोजतो, समोरची पाटीसुद्धा हुबेहूब रंगवतो. एका गाडीला दीड-दोन महिने लागतात. आजपर्यंत सगळं फुकट वाटलं. यावेळी पहिल्यांदा एका गाडीचे पन्नास रुपये मागितले.

झालं! “गेम कंपनीचा, गाडी एसटीची, तुझं काय बे त्याच्यात?” इथून सुरुवात झाली आणि शिव्यांपर्यंत गेली. त्याच्याच जुन्या गाड्या एका चॅनेलवाल्यानं स्वतःच्या नावानं टाकल्या, तो जाहिरातीवर कमावतो. त्याला कोणी काही म्हटलं नाही. पोरानं आता काम बंद केलं.

“तुझं काय त्याच्यात?” हा प्रश्न ऐकला आणि मला दादाजी खोब्रागडे आठवले.

नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी. १९८३ मध्ये ‘पटेल-३’ धानाच्या बांधीत त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या आणि वर्षानुवर्षं निवड करत बारीक, चवदार वाण तयार केलं. घड्याळावरून नाव पडलं एचएमटी. आज तुमच्या-माझ्या ताटात आहे तेच. पटेल-३ काही दादाजींनी बनवलं नव्हतं. आधीच्या वाणावर त्यांनी आपली नजर आणि मेहनत घातली. मग त्यांचं काहीच नव्हतं का त्यात? व्यापारी, गिरणीवाले, बियाणेवाले सगळ्यांनी एचएमटीवर कमावलं. दादाजींना २००५ मध्ये राष्ट्रपती कलामांच्या हातून पुरस्कार मिळाला, पण शेवटच्या आजारपणात उपचाराच्या पैशाची अडचण होती. २०१८ मध्ये ते गेले. तेव्हा आपण सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. हळहळ फुकट असते, मंडळी.

मॉडचंही तसंच आहे. कंपनीचा गेम म्हणजे धरण. पण गोठणगावला धरण भरलं म्हणून तुमच्या बांधीत पाणी येत नाही, पाटचारी लागते. लालपरी नसती तर आपल्या किती पोरांनी तो परदेशी गेम वर्षानुवर्षं मोबाईलमध्ये ठेवला असता? मॉडवाला गेम जिवंत ठेवतो. कमाई मात्र दुसरीकडे जाते.

आणि हे काही किरकोळ काम नाही. लॉकडाऊनमध्ये अख्ख्या तालुक्यानं खेळलेला पबजी कुठून आला? ब्रेंडन ग्रीन नावाच्या माणसानं दुसऱ्याच्या गेमवर बनवलेल्या मॉडमधून. काउंटर-स्ट्राइक १९९९ मध्ये हाफ-लाइफचा मॉड म्हणूनच सुरू झाला. पुढे व्हॉल्व्ह कंपनीनं तो विकत घेतला आणि बनवणाऱ्यांना नोकरी दिली. म्हणजे द्यायचं ठरवलं तर देता येतं.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण ती खोटी नाही. २०१५ मध्ये व्हॉल्व्ह आणि बेथेस्डानं स्कायरिम गेमचे मॉड विकायला काढले. बनवणाऱ्याला २५ टक्के, बाकी कंपन्यांना. खेळणारे भडकले, आणि काही दिवसांत योजना गुंडाळून पैसे परत करावे लागले. राग फक्त फुकट्यांचा नव्हता. एकाच्या मॉडमध्ये दुसऱ्याचं काम वापरलेलं असतं, मग पैसे कोणाचे? उद्या गेम अपडेट झाला आणि मॉड बंद पडला, तर भरपाई कोण देणार? आमचा पोरगाही दुसऱ्यांचे फुकट मॉड उघडून-उघडूनच शिकला. सगळ्यालाच कुलूप लावलं, तर पुढचा पोरगा शिकणार कसा? शिवाय एसटीचं बोधचिन्ह महामंडळाचं आहे. ते लावून गाडी विकायची, तर परवानगी लागेल.

म्हणून माझं मत सरळ आहे : जो कमावतो त्यानं आधी द्यावं.

पहिली जबाबदारी कंपनीची. ‘फोर्टनाइट’वाल्या एपिक कंपनीनं २०२३ पासून गेमच्या निव्वळ कमाईतला ४० टक्के वाटा त्यात खेळण्याच्या जागा बनवणाऱ्यांसाठी ठेवला. बाकीच्यांनी निदान दहा तरी ठेवावेत.

दुसरी जबाबदारी चॅनेलवाल्यांची. दुसऱ्याचं काम टाकून कमावत असाल तर नाव द्या, परवानगी घ्या, वाटा द्या.

तिसरे आपण. सक्ती नको. पण पोरगा क्यूआर कोड लावून “जमेल तेवढं द्या” म्हणत असेल, तर खर्ऱ्याला निघतात तेवढे पैसे तिकडे जाऊ द्या. आणि देणार नसाल तर निदान शिव्या देऊ नका. जुनं फुकट, नवीन महिनाभर पैसे देणाऱ्यांना आधी, हा मार्ग मला बरा वाटतो. शिकणाऱ्याचंही अडत नाही, बनवणाऱ्याचंही.

काही पालक म्हणतील, गेम आणि पैसा म्हणजे जुगार. तसं नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर केंद्रानं २०२५ मध्ये कायद्यानं बंदी आणली, तो विषय वेगळा. इथं पोरगं डाव लावत नाही, काम करतं. हेच काम शिकून उद्या नागपूर-पुण्याला नोकरी मिळू शकते. पण त्याआधी कोणीतरी त्याला ‘काम’ म्हणायला पाहिजे.

रोवणीच्या मजुराला आपण विचारत नाही, “बांधी माझी, धान माझं, तुझं काय बे त्याच्यात?” मजुरी देतो. मग लॅपटॉपसमोर वाकलेल्या पाठीचा हिशोब वेगळा काहून?

पटत नसेल तर खाली सांगा, भांडू. पण कोणाची मेहनत वापरत असाल, तर आधी त्याचं नाव घ्या.