पोळा फुटेपर्यंत

जिल्ह्यातल्या खेळाचा कारभार ज्यांच्या हाती आहे, त्यांच्यासाठी हे शेवटचे निवेदन.

आम्ही मूर्तिजापूर तालुक्यातल्या धावणाऱ्या मुलींचे आईबाप. मैदानावरचे जुने खेळाडू सोबत आहेत.

अर्ज दिले. भेटी मागितल्या. साहेब मीटिंगमध्ये आहेत, हे ऐकून परत आलो. पोचेवर शिक्का आहे, सही आहे. उत्तर नाही.

गप्प राहिलो, ते मुलींची वर्षे वाया जाऊ नयेत म्हणून. दहावीचे वाढीव गुण, नोकरीतले 5 टक्के आरक्षण, पोलीस भरती. आमची गरज कुठे आहे, हे तुम्हाला पक्के ठाऊक होते. त्या गरजेवरच तुमचे भागले.

आता ऐका.

कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर मुलींच्या वजनाचा तक्ता आहे. नावासकट. वजन वाढले की नावाभोवती लाल शाईचा गोल. त्या गोलातली एक मुलगी घरी अर्ध्या भाकरीवर उठते. नडगी दुखते म्हणाली, तर ‘नाटकं करू नको.’ पाच महिने पाळी आली नाही, तर ‘बरंच झालं, कटकट गेली.’

कोण म्हणाले, कधी म्हणाले, आम्ही लिहून ठेवले आहे.

शरीर जेवढे खर्चते तेवढे पोटात गेले नाही, की पाळी थांबते. मग हाडे कमकुवत होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्येच हे सविस्तर मांडले. अमेरिकेची मेरी केन 17 व्या वर्षी नामांकित प्रशिक्षकाकडे गेली. वजन उतरवण्याच्या दबावाखाली तीन वर्षे पाळी बंद होती, पाच हाडे मोडली, असे तिने 2019 मध्ये जाहीर सांगितले.

आमच्याकडे तर सुरुवातच कमी रक्तावर. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्या रक्तावर तुम्ही तीन हजार मीटर मागता. वरून वऱ्हाडचे ऊन. मे 2024 मध्ये उन्हापायी या जिल्ह्यात कलम 144 लावावे लागले होते.

घाई कशाची आहे? कविता राऊतने 2010 मध्ये राष्ट्रकुल पदक घेतले, तेव्हा ती 25 वर्षांची होती. ललिता बाबर रिओच्या अंतिम फेरीत धावली, तेव्हा 27. आमच्या मुली पंधराच्या आहेत. तुम्हाला पदक यंदाच्या अहवालात हवे.

तक्ता उतरवा. हंगामाआधी प्रत्येक मुलीचे हिमोग्लोबिन तपासा. उपजिल्हा रुग्णालय गावातच आहे. सरावाला एक जबाबदार बाई हजर ठेवा. डॉक्टरने विश्रांती लिहून दिली, तर त्या मुलीचे नाव कापायचे नाही.

निधी मागितलेला नाही. मागितला असता, तर तेवढे एक कारण तुम्हाला मिळाले असते.

पोळा फुटेपर्यंत मुदत आहे. त्या दिवशी बैलाच्या मानेवरही कोणी जू ठेवत नाही.

त्यानंतरच्या कोणत्याही स्पर्धेत तालुक्यातली एकही मुलगी उतरणार नाही. प्रवेशिकेवर पालकांची सही होणार नाही. सराव चालू राहील. तो जुने खेळाडू घेतील. तक्त्याचे फोटो आणि लिहून ठेवलेले सगळे राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जाईल.

एखाद्या बापाला फोन जाईल, ‘तुमच्या पोरीची निवड पक्की’ म्हणून. फोन कोणी केला, हे संध्याकाळपर्यंत आम्हा सगळ्यांना कळलेले असेल.

उत्तर लेखी द्यावे. तोंडी आश्वासन घेऊन कोणी येऊ नये.