सनद, जकात आणि ‘इतर व्यक्ती’

उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावर १६०७ मध्ये जेम्सटाउन वसले ते एका सनदेच्या बळावर. सनद इंग्लंडच्या राजाची, पण ती मिळाली होती व्हर्जिनिया कंपनीला, आणि कंपनी उभी होती भागधारकांच्या पैशावर. वसाहतीचा हा पहिला कागद राजकीय म्हणावा की व्यापारी, याचा निवाडा करणे अवघड आहे. पुढची दोन शतके अमेरिकेतले बहुतेक मोठे शब्द असेच दुपदरी राहिले. त्यांच्या एका पदरात हक्क होता, दुसऱ्यात हिशेब.

त्या काळच्या इंग्लंडचे अर्थकारण ‘व्यापारवाद’ या नावाने ओळखले जाते. वसाहतीने कच्चा माल पाठवायचा आणि मायदेशाचा पक्का माल घ्यायचा, हे त्याचे सार. १६५१ पासून झालेल्या नौकानयन कायद्यांनी त्याला दंडशक्ती दिली. १६६० च्या कायद्याने तंबाखू, साखर, नीळ अशा ठरावीक वस्तू इंग्लंड आणि त्याच्या वसाहतींखेरीज कुठेही नेण्यास मनाई केली. वसाहतींना हे सारे जाचकच होते असे मात्र नाही. त्यांनी बांधलेली जहाजे इंग्रजी मानली जात, म्हणून न्यू इंग्लंडमधला जहाजबांधणीचा धंदा याच कायद्यांच्या आडोशाने वाढला.

तंबाखूच्या मळ्यांना हात हवे होते. सुरुवातीला ते करारबद्ध मजुरांचे होते. प्रवासखर्चाच्या बदल्यात साधारण चार ते सात वर्षे राबण्याचा हा करार. एकाच कागदावर तो दोनदा लिहून दातेरी रेघेने कापत. दोन्ही तुकड्यांचे दाते जुळले की करार खरा. या करारासाठीचा इंग्रजी शब्द त्या दातांवरूनच आला आहे. मुदत सरली की मजूर मोकळा होई. १६१९ मध्ये व्हर्जिनियात आणलेल्या आफ्रिकी माणसांच्या वंशजांना मात्र अशी मुदत उरली नाही. मुलाची स्थिती आईच्या स्थितीवरून ठरेल, असा कायदा व्हर्जिनियाने १६६२ मध्ये केला. इंग्रजी रिवाजात मूल बापाच्या दर्जाचे मानले जाई. इथे तो रिवाज उलटा फिरवला गेला, आणि गोऱ्या मालकाला गुलाम स्त्रीपासून झालेले मूलही त्याच्या मालमत्तेत जमा झाले. एका वाक्याने गुलामी वंशपरंपरागत झाली. या काळातले इतके निर्दय वाक्य शोधून सापडणे कठीण.

‘प्रतिनिधित्व’ या शब्दावरचा झगडा १७६५ मध्ये पेटला. ब्रिटिश संसदेने वर्तमानपत्रे, कोर्टाचे कागद, अगदी पत्त्यांचे जोडही मुद्रांक कराखाली आणले. आमचा प्रतिनिधी संसदेत नाही, तर संसदेला आमच्यावर कर बसवता येणार नाही, असे वसाहतींचे म्हणणे होते. लंडनहून उत्तर आले ते ‘आभासी प्रतिनिधित्वा’चे : प्रत्येक खासदार साऱ्या साम्राज्याचा प्रतिनिधी असतो, मग त्याला मत कोणी का देईना. मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमलाही स्वतःचा खासदार नव्हता, हा त्यांचा दाखला. त्याच संसदेत ओल्ड सॅरम या जवळजवळ ओसाड जागेचे दोन खासदार बसत होते. वसाहतींना हा युक्तिवाद पटणे शक्यच नव्हते. त्यांच्या विधानसभांतले सभासद आपापल्या गावचे असत आणि गावाला जाब देत. प्रतिनिधी म्हणजे ओळखीचा, विचारता येणारा माणूस, ही समज त्यांच्या अंगवळणी पडली होती. कर १७६६ मध्ये रद्द झाला, पण वसाहतींसाठी कोणत्याही बाबतीत कायदा करण्याचा आपला अधिकार संसदेने त्याच वेळी कागदावर ठेवला.

पुढची ठिणगी ‘मक्तेदारी’ची. १७६५ मध्येच ईस्ट इंडिया कंपनीला बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी मिळाली होती. तरीही काही वर्षांत, बंगालच्या १७७० च्या भीषण दुष्काळानंतर, ती कर्जात बुडाली; गोदामांत चीनचा चहा पडून होता. १७७३ च्या कायद्याने तिला हा चहा थेट अमेरिकेत विकण्याची मुभा मिळाली. चहा स्वस्त झाला, पण त्यावरचा पौंडामागे तीन पेन्सचा कर कायम राहिला. स्वस्ताईच्या मोबदल्यात कर मान्य करायला बोस्टन तयार नव्हते. १६ डिसेंबरच्या रात्री ३४२ पेट्या बंदरात रिकाम्या झाल्या.

स्वातंत्र्यानंतरची पहिली घटना १७८१ मध्ये अमलात आली. ती राज्यसंघाची होती : तेरा राज्यांना प्रत्येकी एक मत, आणि काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकारच नाही. युद्धात छापलेल्या कागदी चलनाची किंमत मातीमोल झाली. मॅसॅच्युसेट्समध्ये कर आणि कर्जाखाली दबलेल्या शेतकऱ्यांनी १७८६ मध्ये शस्त्रे उचलली. त्यातून १७८७ चे संविधान आले, आणि शब्दांची अदलाबदलही. ‘फेडरल’ म्हणजे तोवर राज्यांचा सैल करार. बळकट केंद्र मागणाऱ्यांनी ते नाव स्वतःकडे घेतले आणि राज्यांचे कैवारी ‘फेडरलविरोधी’ ठरले. जेम्स मॅडिसनने लोकशाही आणि प्रजासत्ताक यांत रेघ ओढली. लोक स्वतः जमून कारभार करतात ती लोकशाही, प्रतिनिधींमार्फत करतात ते प्रजासत्ताक, असे त्याने मांडले. आज हे दोन शब्द सर्रास जोडीने वापरले जातात.

याच संविधानात प्रतिनिधींची संख्या ठरवताना स्वतंत्र माणसे पूर्ण मोजली गेली आणि ‘इतर सर्व व्यक्तीं’चे तीन-पंचमांश धरले गेले. या इतर व्यक्ती म्हणजे गुलाम. त्यांना मत नव्हते. त्यांच्या संख्येने वाढले ते त्यांच्या मालकांच्या राज्यांचे बळ. आभासी प्रतिनिधित्वाविरुद्ध लढलेल्यांनी त्याहून वाईट प्रतिनिधित्व लिहून ठेवले. मूळ मसुद्यात ‘गुलाम’ हा शब्द कुठेच नाही. माणूस ही मालमत्ता असू शकते, ही कल्पना संविधानात येऊ देणे योग्य नाही, असे मॅडिसनने सभेत म्हटले होते. तो स्वतः गुलामांचा मालक होता.

अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनने १७९० मध्ये राज्यांची युद्धकर्जे केंद्राच्या अंगावर घेण्याची योजना मांडली आणि १७९१ मध्ये राष्ट्रीय बँक उभी केली. बँकेचा उल्लेख संविधानात नव्हता. संविधानातल्या ‘आवश्यक आणि उचित’ या दोन विशेषणांचा अर्थ किती ताणावा, यावर त्याचे आणि परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसनचे बिनसले, आणि देशातले पहिले राजकीय पक्ष आकाराला येण्याचे ते एक मोठे कारण ठरले.

शेवटचा शब्द आयात जकातीचा. तिचे इंग्रजी नाव ‘टॅरिफ’ आणि मराठीतली ‘तारीफ’ या दोहोंचे मूळ एकाच अरबी शब्दात आहे. त्याचा अर्थ जाहीर करणे, ओळख करून देणे. उत्तरेच्या कारखान्यांना जकातीचे संरक्षण हवे होते, कापूस निर्यात करणाऱ्या दक्षिणेला ती लूट वाटे. १८२८ च्या भरमसाट जकातीनंतर दक्षिण कॅरोलायनाने १८३२ मध्ये केंद्राचा कायदा आपल्या हद्दीत रद्दबातल ठरवला. १८३३ मध्ये जकात उतरवून तडजोड झाली. अमेरिकेत काही वर्षे राहिलेल्या जर्मन अर्थतज्ज्ञ फ्रीड्रिख लिस्टने संरक्षणाचा विचार पुढे मांडला, आणि न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात त्याचा आधार घेतला.

‘गुलामी’ हा शब्द अमेरिकेच्या संविधानात प्रथम आला १८६५ मध्ये, ती नष्ट करणाऱ्या तेराव्या दुरुस्तीत. आठ वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्या देशातल्या सदाचारी लोकांना अर्पण केले.