वर्गात सिम्युलेशन हवे, नुसती चित्रफीत नको : विज्ञान शिक्षकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय : नववी-दहावीच्या जीवशास्त्रासाठी मराठी सिम्युलेशन व ॲनिमेशन मिळण्याबाबत.

महोदय,

दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्ये सूत्री विभाजनाच्या अवस्थांच्या आकृत्या आहेत. मुले त्या सुबक काढतात, नावे देतात, गुण मिळवतात. पण मध्यावस्थेतून पश्चावस्थेत जाताना नेमके काय घडते, असे विचारले की वर्ग गप्प होतो. गुणसूत्रबिंदू दुभंगतो, अर्धगुणसूत्रे विरुद्ध टोकांकडे ओढली जातात. हे सारे दोन आकृत्यांमधल्या कोऱ्या जागेत घडते. खडूने ती जागा भरता येत नाही.

ॲनिमेशन ही हालचाल दाखवते. सिम्युलेशनमध्ये मूल स्वतः बदल करून पाहते, म्हणून आमचा भर त्यावर आहे. कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' प्रकल्पात नैसर्गिक निवडीचे मोफत सिम्युलेशन आहे. तपकिरी माळावर पांढरे ससे, मागे लांडगे. "लपायला हवे म्हणून ससे तपकिरी होतील," असे म्हणणारी मुलगी उत्परिवर्तन न जोडता लांडगे सोडते. ससे मरतात, पण एकही तपकिरी होत नाही. मग ती उत्परिवर्तन जोडते आणि आलेखावर तपकिरी सशांची रेघ चढताना पाहते. गरजेपोटी प्राणी बदलतात हा समज व्याख्या पाठ करून सुटत नाही, असा आमचा रोजचा अनुभव आहे.

म्हणून आमच्या मागण्या : अशी साधने बालभारतीच्या परिभाषेत द्यावीत. पुस्तकात 'सूत्री विभाजन' आणि पडद्यावर 'मायटोसिस' असेल, तर मुलाला ते दोन वेगळे धडे वाटतात. ती इंटरनेटशिवाय चालावीत आणि एकदाच उतरवून शाळेच्या संगणकावर ठेवता यावीत. जोडणी नसेल तिथे पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड निरुपयोगी ठरतो. शिक्षकांचे प्रशिक्षण भाषणाने उरकू नये, प्रत्येकाला संगणकासमोर बसवून द्यावे. वेळापत्रकात जोडतासिका हवी.

एका बाबतीत आम्ही ठाम आहोत. या खर्चासाठी सूक्ष्मदर्शकाचा निधी कापू नये. पडद्यावरची गुणसूत्रे लाल-निळी असतात आणि मुले तो रंग खरा मानतात. कांद्याच्या मुळाचे टोक रंगवून, काचपट्टीवर दाबून, भिंगाखाली विभाजन पावणारी एक पेशी शोधताना लागणारा धीर सिम्युलेशन शिकवत नाही. दोन्ही हवे, आणि आधी काचपट्टी.

पुढील शैक्षणिक वर्षाच्या नियोजनापूर्वी संघटनेच्या प्रतिनिधींना भेटीची वेळ द्यावी. ही सिम्युलेशन आम्ही आपल्यासमोर चालवून दाखवू.

आपले विश्वासू,
माध्यमिक विज्ञान शिक्षक संघटनेचे सर्व सभासद