उरलेली गोळी नाल्यात नको
वाचकहो, मुदत संपलेल्या गोळ्या आपण शौचकुपात टाकता काय? सांधेदुखीवरील डायक्लोफेनॅक सांडपाणी-शुद्धीकरणात पूर्णपणे नष्ट होत नाही. नदीत पोहोचल्यास ते माशांच्या मूत्रपिंडांना व कल्ल्यांना इजा करू शकते. प्रत्येक जलचरावर प्रयोग अशक्य असल्याने शास्त्रज्ञ मासे, कवचधारी जीव, शैवाल अशा मोजक्या प्रजातींची सहनशक्ती तपासून इतरांविषयी अनुमान बांधतात आणि बहुधा ९५ टक्के प्रजाती सुरक्षित राहतील अशी मर्यादा काढतात. उरलेल्या ५ टक्क्यांचा विचार करून ती अनेकदा आणखी खाली आणली जाते.

चालू औषध डॉक्टरांना विचारल्यावाचून थांबवू नये. मुदत संपलेली औषधे मात्र २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचऱ्यात धरली होती. ती वेगळी बांधूनच द्यावीत.